वस्तुमानाच्या पुढचा हिशेब : प्रस्तावना

11 नोव्हेंबर 1974 रोजी अमेरिकेच्या दोन टोकांना चाललेल्या दोन प्रयोगांनी एकच नवा कण सापडल्याचे जाहीर केले. पूर्वेला ब्रूकहेवनमध्ये सॅम्युएल टिंग यांच्या गटाने त्याला 'जे' म्हटले, पश्चिमेला स्टॅनफर्डमध्ये बर्टन रिश्टर यांच्या गटाने 'साय'. दोन्ही नावे टिकली आणि कण जे/साय म्हणूनच पाठ्यपुस्तकांत गेला. त्याच्या पोटात चार्म क्वार्क आणि त्याचा प्रतिक्वार्क अशी जोडी असते. वस्तुमान प्रोटॉनच्या तिपटीहून थोडे जास्त. एवढा जड कण तीव्र बलाच्या नियमाने तत्काळ फुटायला हवा होता. प्रत्यक्षात तो अपेक्षेच्या सुमारे हजारपट टिकतो. चार्म असलेले दोन सुटे कण बनवण्याइतकी ऊर्जा त्याच्याजवळ नसते, त्यामुळे जोडीला एकमेकांत नष्ट होऊनच मोकळे व्हावे लागते आणि ती वाट अवघड आहे. या अडचणीमुळेच एका दुबळ्या प्रक्रियेला संधी मिळते: कण एक फोटॉन सोडतो आणि खालच्या पायरीवर उतरतो.

हे पुस्तक त्या फोटॉनबद्दल आहे. जड क्वार्कांचे कण प्रकाशकण सोडून किती वेगाने ऱ्हास पावतात, हे मूळ सिद्धान्तापासून, म्हणजे क्वार्क-ग्लुऑनांच्या समीकरणांपासून, संगणकावर कसे काढतात, हा त्याचा विषय. मराठीत कणभौतिकीवर लिहिले गेले आहे, पण ते बहुतेक शोधांच्या कथांपाशी थांबते. आकडा येतो कुठून, त्यावर किती विश्वास ठेवायचा आणि का, हा भाग वाचकाच्या वाट्याला क्वचितच येतो. आम्हाला तोच सांगायचा आहे.

आमची भूमिका थोडक्यात अशी. कणाचे वस्तुमान सिद्धान्तातून बरोबर येणे ही पहिली परीक्षा आहे, शेवटची नव्हे. दोन-तीन अंक हाताने जुळवून घेतलेले साधे प्रारूपही वस्तुमानांची यादी बऱ्यापैकी उभी करते. फोटॉन मात्र आत डोकावतो. क्वार्क एकमेकांपासून किती अंतरावर आहेत, त्यांचे स्पिन कसे मांडलेले आहेत, उतरण्याआधीची आणि नंतरची तरंगफलने एकमेकांवर किती बसतात, या सगळ्यावर त्याच्या उत्सर्जनाचा वेग अवलंबून असतो. म्हणून आतली रचना खरोखर समजली आहे की नाही, हे फोटॉनच्या हिशेबात कळते.

सुरुवातीची वीस वर्षे हा हिशेब प्रारूपांनी चालवला. 1970 च्या दशकात कॉर्नेल विद्यापीठातल्या आइश्टेन आणि सहकाऱ्यांनी क्वार्कांमधल्या बलाला एक सोपे रूप दिले: जवळ असताना विद्युतबलासारखे, दूर गेल्यावर अंतराच्या प्रमाणात वाढणाऱ्या स्थितिज ऊर्जेचे. हे रूप श्रोडिंगरच्या समीकरणात घातले की चार्म-जोडीच्या पातळ्या हायड्रोजनच्या पातळ्यांसारख्या एकाखाली एक दिसू लागतात. 1985 साली गॉडफ्रे आणि इसगुर यांनी त्यात सापेक्षतेच्या दुरुस्त्या घालून जवळजवळ सगळ्या मेसॉनांना एका छत्राखाली आणले. आपल्याकडे गुजरातेत, वल्लभ विद्यानगरच्या सरदार पटेल विद्यापीठात पी. सी. विनोदकुमार यांच्या भोवती आणि पुढे सुरतेत, याच परंपरेत दीर्घकाळ काम झाले. मध्य भारतातल्या विद्यार्थ्याला जड क्वार्कांची पहिली ओळख अनेकदा अशाच शोधनिबंधांतून होते. या परंपरेबद्दल आम्हाला आदर आहे. तिची मर्यादाही सांगितली पाहिजे: प्रारूपाचे उत्तर चुकले तर ते किती चुकू शकते, हे प्रारूप स्वतः सांगू शकत नाही.

ते सांगू शकणारी पद्धतही 1974 मधलीच. त्या वर्षी केनेथ विल्सन यांनी अवकाश आणि काळ दोन्ही तुकड्यांत मोडून क्वार्कांचा सिद्धान्त एका जालकावर मांडला. ठिपक्यांची रांगोळी डोळ्यांसमोर आणा: ठिपक्यांवर क्वार्क बसतात आणि ठिपके जोडणाऱ्या रेघांवर ग्लुऑनांचे क्षेत्र. फरक एवढाच की ही रांगोळी चार मितींची आहे. काळ काल्पनिक संख्येत वळवला की पुंजभौतिकीची बेरीज संख्याशास्त्रीय भौतिकीच्या बेरजेसारखी दिसू लागते आणि मग ती माँटे कार्लो पद्धतीने, म्हणजे यादृच्छिक पण नियमाने निवडलेल्या नमुन्यांवरून, काढता येते. 1979-80 च्या सुमारास मायकेल क्रॉइट्झ यांनी हे संगणकावर करून दाखवले आणि कल्पनेचे साधन झाले.

आकार समजावा म्हणून एक उदाहरण घेऊ. अवकाशाच्या प्रत्येक दिशेला 64 आणि काळाच्या दिशेला 96 ठिपके असलेले जालक आज मध्यम आकाराचे मानले जाते. त्यात अडीच कोटींहून अधिक ठिपके आणि दहा कोटी रेघा येतात. प्रत्येक रेघेवर तीन बाय तीनची संमिश्र सारणी. त्यावर एक क्वार्क चालवायचा तर सुमारे तीस कोटी ओळींचे समीकरण सोडवावे लागते, तेही शेकडो नमुन्यांवर, पुन्हा पुन्हा. म्हणूनच हा विषय महासंगणकांबरोबर वाढला. महाराष्ट्राचा या बाबतीतला वारसा मोठा आहे. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत 1960 साली टिफ्रॅक हा देशी बनावटीचा संगणक कामाला लागला. पुण्यात विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली सी-डॅकने 1991 साली परम 8000 उभा केला. 2007 च्या नोव्हेंबरमध्ये पुण्याचाच 'एका' हा महासंगणक जगातल्या वेगवान महासंगणकांच्या यादीत चौथ्या क्रमांकावर होता. टाटा संस्थेतल्या भारतीय लॅटिस गेज थिअरी इनिशिएटिव्हने क्रे एक्स1, ब्लू जीन आणि क्रे एक्ससी30 ही यंत्रे एकामागून एक याच कामासाठी वापरली.

आता फोटॉनकडे येऊ, कारण पुस्तकाचा कणा तोच आहे. जे/सायमध्ये क्वार्क आणि प्रतिक्वार्क यांचे स्पिन एकाच दिशेला असतात. एकाचे स्पिन उलटले की तयार होतो ईटा-सी, जे/सायपेक्षा सुमारे 113 मेगा इलेक्ट्रॉनव्होल्टने हलका. मधली ऊर्जा घेऊन फोटॉन निघून जातो. दिसायला ही चुंबकीय द्विध्रुवाची सर्वांत सोपी प्रक्रिया आहे. पाठ्यपुस्तकातले सूत्र वापरून कागदावर काढली तर वेग, ऊर्जेच्या एककात मांडल्यास, अडीच ते तीन किलो इलेक्ट्रॉनव्होल्टच्या आसपास येतो. 1986 साली क्रिस्टल बॉल प्रयोगाने मोजले तेव्हा आकडा त्याच्या निम्म्याहूनही कमी आला. मग वाद सुरू झाला. प्रारूप चुकते का? क्वार्कांना जास्तीचे चुंबकीय आघूर्ण आहे का? की प्रयोगच काही चुकवतो आहे?

2009 मध्ये क्लिओ प्रयोगाने पुन्हा मोजले आणि या कोड्याची एक बाजू उघडली. ईटा-सी स्वतः अल्पायुषी असल्याने फोटॉनची ऊर्जा एका रेषेवर न राहता पसरते. उत्सर्जनाचा वेग फोटॉन-ऊर्जेच्या घनाप्रमाणे वाढतो, त्यामुळे हा पसारा एका बाजूला झुकतो. हा झुकाव नीट धरला नाही तर मोजणी चुकते. क्लिओचा आकडा वर सरकला. पुढे रशियातल्या केडर प्रयोगाने जवळजवळ तीन किलो इलेक्ट्रॉनव्होल्ट सांगितले, पण मोठ्या अनिश्चिततेसह. एका साध्या प्रक्रियेवर तीन प्रयोग आणि तीन उत्तरे! विद्यार्थ्यांना आम्ही हे प्रकरण मुद्दाम सविस्तर वाचायला लावतो, कारण मोजमाप आणि सिद्धान्त एकमेकांना कसे तपासतात ते इथे उघड दिसते.

जालकावर हाच हिशेब पहिल्यांदा पद्धतशीरपणे केला तो जेफरसन प्रयोगशाळेतल्या ड्यूडेक, एडवर्ड्स आणि रिचर्ड्स यांनी, 2006 साली. तंत्र असे: एका क्षणी जे/साय निर्माण करायचा, दूरच्या दुसऱ्या क्षणी ईटा-सी नष्ट करायचा आणि मधल्या एका क्षणी विद्युतप्रवाहाचा स्पर्श द्यायचा. फोटॉनला जालकावर बसवावेच लागत नाही. विद्युतबल इतके क्षीण आहे की त्याचा एक स्पर्श पुरतो. या तीन बिंदूंच्या सहसंबंधातून आकारगुणक मिळतो. अडचण अशी की मर्यादित पेटीत संवेग हवा तो घेता येत नाही. वर सांगितलेल्या जालकात ठिपक्यांमधले अंतर 0.09 फेम्टोमीटर धरले, तर सर्वांत लहान संवेग सुमारे 215 मेगा इलेक्ट्रॉनव्होल्ट येतो आणि फोटॉनला हवेत सुमारे 111. तेव्हा सुरुवातीला इतर संवेगांवर गणित करून हव्या त्या बिंदूकडे अंदाजाने यावे लागे. नंतर पेटीच्या कडांवरच्या अटी थोड्या पिळून नेमका तोच संवेग देण्याची युक्ती रूढ झाली आणि अंदाजाची गरज संपली. 2012 साली ग्लासगोच्या क्रिस्टीन डेव्हीस यांच्या एचपीक्यूसीडी गटाने सुमारे 2.5 किलो इलेक्ट्रॉनव्होल्ट हा आकडा दिला. 2023 मध्ये त्याच गटाने तो सुमारे 2.2 वर आणला, एक-दोन टक्क्यांच्या अनिश्चिततेने. याच प्रक्रियेवरचे प्रयोग अजून यापेक्षा पुष्कळ ढोबळ आहेत.

त्याच 2023 च्या कामात एक टोचणारा आकडाही आहे. ईटा-सी दोन फोटॉनांत मोडण्याचा वेग जालकावर सुमारे 6.8 किलो इलेक्ट्रॉनव्होल्ट आला, तर प्रायोगिक मोजमापांच्या तेव्हाच्या मान्य सारणीत तो 5 च्या आसपास होता. चीनमधल्या एका गटाने वेगळ्या पद्धतीने केलेले गणितही 6.8 च्याच जवळ आले. दोन स्वतंत्र गणिते एकमेकांशी जुळतात आणि सारणीशी जुळत नाहीत, तेव्हा सारणीतल्या जुन्या मोजमापांकडे नव्याने पाहायला हवे, असे आमचे मत आहे. ते या संग्रहातल्या सगळ्याच लेखकांचे नाही आणि मतभेद आम्ही तसाच ठेवला आहे.

जड क्वार्कांची खरी अडचण त्यांच्या जडपणातच आहे. ठिपक्यांमधले अंतर क्वार्कच्या वस्तुमानाच्या मानाने लहान हवे. चार्मला 0.09 फेम्टोमीटर कसेबसे चालते. बॉटम क्वार्कला मुळीच नाही. त्याच्यासाठी 0.03 च्या आसपास जावे लागते आणि खर्च झपाट्याने वाढतो. या अडचणीला दिलेल्या उत्तरांतून या क्षेत्राचे पंथ पडले. एका पंथाने जड क्वार्क मंद चालतो हे मान्य करून सापेक्षता बाजूला ठेवलेला सिद्धान्त घेतला; त्याची मुळे 1986 च्या कॅसवेल आणि लपाज यांच्या कामात आहेत. दुसऱ्याने, म्हणजे फर्मीलॅबच्या पंथाने, जालकाच्या क्रियेचाच अर्थ जड क्वार्कांसाठी नव्याने लावला. तिसऱ्याने क्रिया इतकी सुधारली की बारीक जालकावर जड क्वार्कही हलक्यांसारखाच वागवता येतो. एचपीक्यूसीडीचे यश या वाटेचे आहे. चौथा पंथ काळाच्या दिशेला ठिपके दाट ठेवतो आणि उत्तेजित पातळ्या वेगळ्या काढण्यावर भर देतो: जेफरसन, डब्लिन आणि केंब्रिजच्या हॅड्रॉन स्पेक्ट्रम गटाचा, ज्यात मुंबईचे नीलमणी माथुर यांचाही सहभाग राहिला आहे. पॅरिसजवळच्या ऑर्से इथे बेचिरेविच आणि सहकाऱ्यांनी पिळलेल्या वस्तुमानाच्या क्वार्कांवर हेच गणित केले. मुंबईच्या गटाने स्वतःसाठी ओव्हरलॅप क्वार्क निवडले, जे महाग असले तरी कायरल सममिती जालकावरही अचूक राखतात.

माथुर, एम. पद्मनाथ आणि सहकाऱ्यांनी 2018 साली चार्म आणि बॉटम एकत्र असलेल्या कणांची वस्तुमाने जालकावर काढली. इथे फोटॉनचे महत्त्व वेगळ्याच प्रकारे दिसते. 2019 मध्ये सर्नच्या सीएमएस आणि एलएचसीबी प्रयोगांनी बी-सी कणाच्या उत्तेजित अवस्था पाहिल्या, पण त्यांतल्या एका साखळीत निघणारा मंद फोटॉन, जालकाच्या अंदाजाने पन्नास-साठ मेगा इलेक्ट्रॉनव्होल्टचा, त्या मोजणीत हातातून निसटला. त्यामुळे त्या अवस्थेचे खरे वस्तुमान तेव्हा थेट सांगता आले नाही. अशा ठिकाणी गणित प्रयोगाच्या पुढे उभे असते.

आणखी पुढे उभे राहिल्याचे उदाहरण डी-एस-तारांकित कणाचे आहे. हा कण सुमारे 94 टक्के वेळा फोटॉन सोडूनच उतरतो. त्याच्यात चार्म आणि स्ट्रेंज यांची चुंबकीय आघूर्णे एकमेकांच्या विरुद्ध पडतात आणि वेग जवळजवळ पुसला जातो. 2014 साली जालकाने त्याची एकूण रुंदी, म्हणजे ऊर्जेच्या एककात मांडलेला ऱ्हासाचा एकूण वेग, 70 इलेक्ट्रॉनव्होल्टच्या आसपास सांगितली, तेव्हा प्रयोगाजवळ फक्त 1.9 मेगा इलेक्ट्रॉनव्होल्टची वरची मर्यादा होती, म्हणजे पंचवीस हजारपटींहून अधिक सैल! 2023 मध्ये बीजिंगच्या बीईएस-3 प्रयोगाने याच कणाचा एक दुर्मिळ ऱ्हास पाहून आणि जालकावरचा एक स्थिरांक वापरून रुंदीचा अंदाज दिला. तो अजून ढोबळ आहे, पण भाकिताशी विसंगत नाही.

बॉटम क्वार्कांच्या प्रांतात फोटॉनने शोधही लावून दिले. अप्सिलॉन 1977 मध्ये सापडला. त्याचा हलका जोडीदार ईटा-बी मात्र 2008 पर्यंत दडून राहिला आणि शेवटी बाबार प्रयोगाला सापडला तो अप्सिलॉनच्या तिसऱ्या पातळीवरून निसटणाऱ्या फोटॉनमुळेच. ही प्रक्रिया साध्या प्रारूपात जवळजवळ निषिद्ध असते, कारण वेगळ्या पातळ्यांची तरंगफलने एकमेकांना लंब असतात. जे काही उरते ते सापेक्षतेच्या लहान दुरुस्त्यांमधून. म्हणून ती गणिताला सर्वांत कठीण आणि सर्वांत बोलकी.

हे सगळे आजच का वाचायचे? एक कारण एक्स(3872). 2003 मध्ये जपानच्या बेल प्रयोगात सापडलेला हा कण साधी चार्म-जोडी आहे, दोन मेसॉनांचा सैल रेणू आहे की दोन्हींचे मिश्रण, हे वीस वर्षांनंतरही ठरलेले नाही. तो साय(2एस)कडे आणि जे/सायकडे फोटॉन सोडून किती प्रमाणात जातो, हे गुणोत्तर निवाड्याचा मोठा आधार मानले जाते; आणि त्यावर बाबार, बेल, बीईएस-3 व एलएचसीबी यांचे आकडे एकमेकांशी सहज जुळत नाहीत. जालकावर असा अस्थिर कण हाताळायला लागणारे गणित गेल्या दशकातच पक्के होऊ लागले आहे. दुसरे कारण प्रयोगांचे: जपानमध्ये बेल-2 चालू आहे, त्याच्या सिलिकॉन शोधकाचा एक थर टाटा संस्थेच्या गटाने जोडला आहे, आणि नव्या मोजमापांना तितक्याच नेमक्या गणिताची जोड लागणार आहे. 2025 च्या नोव्हेंबरमध्ये या क्षेत्राची वार्षिक जागतिक परिषद मुंबईत भरली, ही आपल्या विद्यार्थ्यांसाठी आनंदाची गोष्ट होती.

हे पुस्तक रायपूरमध्ये तयार होते आहे, यालाही अर्थ आहे. भोसल्यांच्या काळापासून आणि पुढे मध्य प्रांत-वऱ्हाडच्या दिवसांत इथे आलेली मराठी कुटुंबे आजही घरात मराठी वाचतात. त्यांची मुले रविशंकर विद्यापीठात, एनआयटीत किंवा भिलाईच्या आयआयटीत भौतिकी आणि संगणकशास्त्र शिकतात. कोळसा आणि पोलादाच्या या प्रदेशात कणभौतिकीचा त्वरक नाही, जवळपास होण्याची चिन्हेही नाहीत. प्रायोगिक कणभौतिकी करायची तर गाव सोडावेच लागते. जालकाचे गणित शिकण्यासाठी मात्र ते लागत नाही. मिल्क गटासारख्यांनी तयार केलेले ग्लुऑन-नमुने इतर संशोधकांना खुले झाले आहेत, क्रोमा आणि ग्रिड यांसारख्या आज्ञावली कोणालाही उतरवून घेता येतात आणि सरावापुरते लहान जालक घरच्या लॅपटॉपवर चालते. लपाज यांनी नवशिक्यांसाठी दिलेली व्याख्याने याच पद्धतीची आहेत: एका मितीतल्या दोलकापासून सुरुवात, काही ओळींची आज्ञावली, आणि तिथून ग्लुऑनांपर्यंत.

आम्हीही तीच वाट धरली आहे. पुस्तकाला पुंजयामिकी आणि संख्याशास्त्रीय भौतिकीची बी.एस्सी.पर्यंतची ओळख पुरेल. क्षेत्र-सिद्धान्त लागेल तितकाच, लागेल तिथेच येतो. काही विषय जाणून बाहेर ठेवले: उच्च तापमानात जड जोडी वितळते का, या प्रश्नावर मुंबईच्या सौमेन दत्ता यांच्यासारख्यांचे मोलाचे काम आहे, पण त्याला स्वतंत्र पुस्तक हवे. चार्म-जोडी स्वतःतच नष्ट होऊन पुन्हा बनण्याची योगदाने बहुतेक गणितांत गाळलेली असतात. त्याचा परिणाम किती, हे जिथे माहीत आहे तिथे सांगितले आहे. अनिश्चिततेच्या हिशेबाला आम्ही उत्तराइतकीच जागा दिली आहे. नमुन्यांची संख्या, जालकाचे अंतर, पेटीचा आकार, क्वार्कांची वस्तुमाने, यांतल्या प्रत्येकामुळे उत्तर किती हलते हे वेगळे दाखवता आले तरच त्या आकड्याला किंमत आहे. घाईच्या वाचकाला ही पाने रुक्ष वाटतील. आमच्या दृष्टीने पुस्तकाचा सर्वांत महत्त्वाचा भाग तोच आहे.

एक विनंती. सरावाच्या आज्ञावली नुसत्या वाचू नका, स्वतः टंकून चालवा. आलेले उत्तर छापील उत्तराशी ताडून पाहण्याआधी त्याची अनिश्चितता काढा. आणि या पुस्तकात कुठे आकडा किंवा विधान खटकले, तर प्रकाशकांच्या पत्त्यावर जरूर कळवा, म्हणजे पुढच्या आवृत्तीत ते सुधारता येईल.